‘सरकार वेगळं घर देतं’ हे मुलीला कोणी सांगितलं?

पत्र (नाव राखून, थोडं आटोपशीर करून):

“आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी आणि माझे मिस्टर दोघंही आयटीत. ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिपचा फॉर्म भरायच्या तयारीत आहोत. धाकटी मुलगी १६ वर्षांची, अकरावीत, जन्म इथलाच. तिला सातवा महिना आहे. आम्हाला कळलं तेव्हा पाचवा संपत आला होता, सैल स्वेटशर्टात दिसलंच नाही. मूल ठेवायचं तिनं ठरवलंय. बाळाचा बाप असलेला मुलगा १८ चा, वेअरहाऊसमध्ये कामाला आहे. त्यानं तिला सांगितलंय की बाळ झालं की सरकार अशा मुलींना अपार्टमेंट आणि महिन्याचे पैसे देतं, मग आपण बाहेर पडू. माझे मिस्टर म्हणतात, जाऊ दे, चार दिवसांत अक्कल येईल. नाहीतर सांगलीला नेऊन लग्न लावून टाकू. ओळखीचे एकजण म्हणाले, तिनं वेलफेअर घेतलं तर तुमची सिटिझनशिप अडकेल. शाळेला अजून कळवलेलं नाही. ती ताट घेऊन खोलीत जाते, आमच्याशी बोलत नाही. काय करू?”

ताई,

तुमच्या घरात सध्या तीन पुरुषांची तीन मतं फिरतायत. त्या मुलाचं, तुमच्या मिस्टरांचं आणि त्या ओळखीच्या गृहस्थांचं. तिघंही खात्रीनं बोलतायत आणि तिघांचंही चूक आहे. मुलीनं काय करावं हे मी सांगणार नाही, ते तिनं ठरवलेलं दिसतंय. पण निर्णय ऐकीव माहितीवर होऊ नयेत, म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते बघू.

त्या मुलानं जे ऐकलंय, तो १९९६ च्या आधीच्या काळातला किस्सा आहे, आणि तेव्हाही तो अर्धाच खरा होता. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून निघालेली रोख मदतीची एक योजना अमेरिकेत साठ वर्षं चालली. गरीब आईला आणि मुलांना दरमहा चेक मिळायचा, आणि बऱ्याच ठिकाणी अठरा वर्षांखालची आई स्वतःचं वेगळं घर दाखवून तो घेऊ शकायची. यावरून मोठं राजकारण झालं. पैसे मिळतात म्हणूनच पोरी लग्नाआधी मुलं होऊ देतात, असा आरोप वर्षानुवर्षं होत राहिला. १९९४ साली रिपब्लिकन पक्षानं तर अठरा खालच्या अविवाहित आईच्या बाळाला रोख मदत देऊच नये, असा प्रस्ताव आणला होता. तो जसाच्या तसा टिकला नाही. पण २२ ऑगस्ट १९९६ ला बिल क्लिंटन यांनी रोख मदतीचे नियम बदलणाऱ्या ज्या कायद्यावर सही केली, त्यात त्या संशयाची छाया ठिकठिकाणी दिसते. कायद्याचं पहिलंच वाक्य आहे, ‘विवाह हा यशस्वी समाजाचा पाया आहे.’ आपल्याकडच्या लग्नात एखादे काका माइक हातात घेऊन बोलतात ना, तसंच! फक्त इथे त्या भाषणाला अटी जोडलेल्या आहेत.

तुमच्या मुलीच्या कामाच्या अटी दोन.

अविवाहित, अठरा वर्षांखालची आई ही आई-वडील, पालक किंवा दुसऱ्या मोठ्या नातेवाईकाच्या घरी, किंवा कुणा प्रौढाच्या देखरेखीखालच्या ठिकाणी राहत असेल, तरच तिला ही रोख मदत देता येते. तिच्या नावावर अपार्टमेंट, हा प्रकार कायद्यानं मुद्दाम बंद केला. अपवाद आहेत: आई-वडील हयात नसणं किंवा त्यांचा ठावठिकाणा नसणं, त्यांनी घरात ठेवून घ्यायला नकार देणं, घरात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा तसा धोका असणं. अशा वेळी तिला राहायला सुरक्षित जागा शोधून द्यायला राज्यानं मदत करायची असते. ती जागाही मोठ्यांच्या देखरेखीखालची. त्यात तो मुलगा बसत नाही.

दुसरी अट शाळेची. हायस्कूल पूर्ण झालेलं नसेल आणि बाळ बारा आठवड्यांचं झालं असेल, तर आईनं शाळेत किंवा त्याच्या तोडीच्या अभ्यासक्रमात जायलाच हवं. नाहीतर रोख मदत नाही. बारा आठवडे म्हणजे किती कमी, हे तुम्ही-मी बाळंतपणं केलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे ज्या कायद्याच्या भरवशावर तो मुलगा तिला घराबाहेर काढू बघतोय, तो कायदा तिनं बाहेर पडू नये म्हणूनच लिहिलेला आहे. हे तिच्यापर्यंत पोचायला हवं, पण तुमच्याकडून ‘बघ, आम्ही सांगत होतो’ या सुरात नको. काउंटीच्या समाजसेवा कार्यालयात तिला बरोबर घेऊन जा आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. खिडकीपलीकडच्या बाईनं पहिल्यांदा विचारलं, ‘राहतेस कुणाकडे?’ आणि मग, ‘घरात कमावतं कोण, किती?’ की तिचा तिलाच अंदाज येईल.

कारण पैशांचं खरं उत्तर याहून रुक्ष आहे. ती तुमच्या घरी राहिली तर बहुतेक राज्यांत आजी-आजोबांचं उत्पन्न हिशेबात धरतात. तुमच्या दोन पगारांपुढे तिला रोख मदत मिळेल असं समजूच नका. फूड स्टॅम्पचंही, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचंही, तेच. बावीस वर्षांखालचं मूल आई-वडिलांकडे राहत असेल तर ते त्यांच्याच चुलीत मोजलं जातं, मग त्याला स्वतःचं बाळ असलं तरी. पूर्वी बाळ असलेल्या मुलीला तिथे सूट होती, ती याच कायद्यानं काढली.

आणि समजा मिळालीच, तर किती? न्यू जर्सीत तिघांच्या कुटुंबाची कमाल मदत १९८७ पासून महिना ४२४ डॉलर होती आणि ती २०१८ पर्यंत तशीच राहिली. मग दोनदा वाढवून ५५९ केली. दोघांना याहून कमी. एडिसनला एका बेडरूमचं भाडं काय आहे हे तुम्हालाच माहीत, तेवढं त्या मुलालाही एकदा शोधून बघायला सांगा. केंद्राकडून राज्यांना या योजनेसाठी मिळणारी रक्कमही १९९६ साली वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलर ठरली आणि महागाईनं तिची किंमत निम्म्याकडे आली तरी आकडा वाढलेला नाही. १९९६ मध्ये देशातल्या १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ पर्यंत ही मदत पोचत होती, २०२० च्या सुमाराला २१ पर्यंत. ‘सरकार देतं’ हे वाक्य ज्या काळात लोक बोलायला लागले, तो काळ गेला.

आणखी एक गोष्ट त्या मुलाला नक्की माहीत नसणार. केंद्राच्या पैशातून प्रौढाला आयुष्यभरात एकूण साठ महिनेच ही मदत घेता येते. मुलगी अल्पवयीन असताना आई-वडिलांच्या घरातली मुलगी म्हणून मोजली गेली, तर ते महिने यात धरत नाहीत. तीच कुटुंबप्रमुख म्हणून मोजली गेली, तर सतराव्या वर्षीच तिचे महिने खर्ची पडायला लागतात. पुढे कधी खरंच अडचण आली, नोकरी गेली, नवरा सोडून गेला, तेव्हा हातात काही राहायला हवं.

आता तुमचे मिस्टर. ‘जाऊ दे’ म्हणणं सोपं आहे. पण मुलगी सोळा वर्षांची आहे. अठरा होईपर्यंत तिला घर, अन्न, औषधपाणी देणं ही आई-बापांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती गरोदर आहे म्हणून ती जबाबदारी संपत नाही. घराबाहेर काढलेली अल्पवयीन गरोदर मुलगी शाळेत किंवा दवाखान्यात काय झालं ते बोलली, तर प्रकरण राज्याच्या बालसंरक्षण खात्याकडे जातं. त्यातही वर सांगितलेला अपवाद आठवा: ‘आई-वडील ठेवून घेत नाहीत.’ मिस्टरांनी दार लावलं, तर त्या मुलाची बाहेर पडायची वाट तेच मोकळी करून देतील.

सांगलीचं तर डोक्यातून काढूनच टाका. न्यू जर्सीत २०१८ पासून अठरा खाली लग्न होत नाही, कोर्टाच्या किंवा पालकांच्या परवानगीनंही नाही. भारतात बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा हवा. असं लग्न लावणाऱ्याला, त्यात पुढाकार घेणाऱ्या नातेवाइकांनाही, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि लग्न बाजूला ठेवलं, नुसती बाळंतपणाला आजोळी नेली, तरी तिथल्या डॉक्टरनं वय विचारलं की पुढचा फोन पोलिसांना. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा, २०१२ खाली अठरा खालच्या मुलीचं गर्भारपण कळवणं त्याला बंधनकारक आहे. मुलगा न्यू जर्सीत राहतो, इथे संमतीचं वय सोळा आहे, हे तो डॉक्टर विचारात घेणार नाही, त्यानं घ्यायचंही नाही. आठव्या महिन्यात पोरीला पोलिसांच्या प्रश्नांसमोर बसवायला विमानाचं तिकीट काढायचं का, एवढंच मिस्टरांना विचारा.

तिसरी भीती सिटिझनशिपची. ती भीती मला कळते. आपल्याकडची माणसं वर्षानुवर्षं रांगेत उभी राहून ग्रीन कार्डापर्यंत येतात आणि मग प्रत्येक सरकारी फॉर्म त्यांना सापळा वाटतो. पण ‘सरकारवर भार पडेल का’ ही तपासणी ग्रीन कार्ड देताना होते, नागरिकत्वाच्या अर्जात नाही. शिवाय तुमची मुलगी जन्मानं नागरिक, तिचं बाळही नागरिक. त्यांनी त्यांच्या हक्काचं काही घेतलं तर तुमच्या अर्जावर त्याचा डाग पडत नाही. अडचण खोट्यानं होते. मुलगी राहते तुमच्याकडे आणि फॉर्मवर पत्ता मैत्रिणीचा, किंवा मुलगा बरोबर राहतो आणि कागदावर तो नाहीच, असलं काही तुमच्या सहीनं झालं तर नागरिकत्वाच्या वेळी ते आडवं येऊ शकतं.

एवढं सगळं ‘मिळत नाही’ सांगितल्यावर जे मिळतं तेही सांगते, आणि इथेच तुम्हाला या आठवड्यात हालचाल करायची आहे.

मिस्टरांच्या कंपनीच्या विम्याचं पुस्तक काढा. मुलगी त्यावर आहे म्हणून बाळंतपण त्यात आहे, असं धरून चालू नका. नियमित तपासण्या असतात. पण मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसीत कर्मचाऱ्याच्या मुलीच्या प्रसूतीचा, हॉस्पिटलमधल्या राहण्याचा खर्च वगळलेला असू शकतो, आणि तसं वगळणं कायद्यात बसतं. नातवंड तर अशा पॉलिसीत सहसा येतच नाही. बाळ जन्मल्या मिनिटापासून विम्याबाहेर! हॉस्पिटलचं बिल घरी आल्यावर हे कळलेली कुटुंबं आहेत. एचआरला फोन नको, ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. प्रश्न एकच: डिपेंडंट मुलीची डिलिव्हरी कव्हर आहे का, असल्यास किती?

बाळासाठी मात्र वाट आहे. मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या हिशेबात, आजोबांनी बाळाला टॅक्समध्ये स्वतःवर अवलंबून दाखवलं तरी, सहसा बाळ आणि त्याची आई एवढंच कुटुंब मोजतात. आईचं उत्पन्न शून्य, म्हणजे बाळाला न्यू जर्सी फॅमिलीकेअर (इथलं मेडिकेड) मिळायला हरकत नसावी. तुमच्या मुलीला स्वतःला ते तुमच्या पगारामुळे बहुधा मिळणार नाही. आई आणि बाळाचे हिशेब वेगळे, हे लक्षात ठेवा, कारण लोक आईला नकार आला की बाळाचा अर्ज भरतच नाहीत. हॉस्पिटलच्या सोशल वर्करला आधीच भेटून ठेवा, अर्ज तिथूनच भरता येतो. बाळ मेडिकेडवर आलं की ‘विक’ (WIC) या आई-बाळांच्या सरकारी पोषण योजनेत उत्पन्नाची अट पुरी झाली असं धरतात. दूध, अंडी, कडधान्यं, बाळाचं फॉर्म्युला. ‘आपल्याला काय कमी आहे’ म्हणून तुम्ही ते घ्यायला लाजाल, पण तिथे स्तनपानाच्या सल्लागारही असतात आणि सोळा वर्षांची मुलगी आईचं ऐकणार नाही ते त्यांचं ऐकेल.

हॉस्पिटलमधली एक गोष्ट आधी माहीत असू द्या. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी कागद घेऊन येईल. पोरगी अर्धवट झोपेत, मुलगा खुर्चीत अवघडून बसलेला, बाहेर तुमचे मिस्टर येरझाऱ्या घालत. तो कागद पितृत्व मान्य करण्याचा असतो. दोघांनी सह्या केल्या की तो मुलगा कायद्यानं बाप झाला, कोर्टात जायची गरज उरत नाही. मन बदललं तर साठ दिवसांत तो कागद मागे घेता येतो, त्यानंतर जवळजवळ नाही. हॉस्पिटलमध्येच हे करून घ्यायची यंत्रणा १९९३ च्या कायद्यानं आणली आणि त्याच १९९६ च्या कायद्यानं ती आणखी पक्की केली. माझं मत विचाराल तर मुलाबद्दल शंका नसेल तर सही व्हावी. बाळाच्या खर्चाचा हक्क त्यातून उभा राहतो, लग्न झालेलं असण्याची गरज नाही, आणि वेअरहाऊसचा पगार असला तरी तो पगारच आहे. पण सहीबरोबर त्याला बापाचे हक्कही मिळतात, ताब्याचे, भेटीचे. म्हणून तो कागद दोघांनी आधी घरी बसून वाचलेला असावा. त्या मुलाला घरी बोलवायचं म्हटल्यावर मिस्टरांचा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय. तरी बोलवा.

एक तुमच्यासाठी, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. न्यू जर्सीत गरोदर अल्पवयीन मुलगी स्वतःच्या उपचारांना स्वतः संमती देऊ शकते. बाळाची कायदेशीर आईही तीच. लस कधी, दूध कुठलं, दत्तक द्यायचं की नाही, यातलं काहीही तुम्ही तिच्या डोक्यावरून ठरवू शकत नाही. तुमच्या पत्रात ‘आम्ही’ खूप वेळा आहे आणि ‘ती’ फक्त ताट घेऊन खोलीत जाते. ती का जाते, हे तिला विचारलंत का? मिस्टर रोज जेवणाच्या टेबलावर सांगलीचा विषय काढत असतील, तर मीही ताट उचललं असतं.

कायद्याचा अशा मुलींना फायदा झाला का, याचं माझं उत्तर सरळ आहे: शाळेची अट ठीक, तिच्यामागे लावलेला धाक नको होता. पंधरा ते एकोणीस वयोगटातल्या मुलींच्या बाळंतपणाचं प्रमाण अमेरिकेत १९९१ साली हजारी ६१.८ होतं, आता ते १३ च्या आसपास आहे. कायद्याचे समर्थक याचं श्रेय घेतात. पण उतार कायद्याच्या पाच वर्षं आधी सुरू झाला होता, आणि तो मुख्यतः गर्भनिरोधकं नीट वापरल्यामुळे आला, असं अभ्यासक मानतात. तोच कायदा लैंगिक शिक्षणासाठी दरवर्षी पाच कोटी डॉलर देत होता ते फक्त ‘लग्नापर्यंत थांबा’ शिकवायला! न्यू जर्सीनं तर त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, मदतीवर असताना आणखी मूल झालं तर एक डॉलरही वाढवून द्यायचा नाही असा नियम केला, देशात पहिला. तो २०२० मध्ये रद्द झाला. तोपर्यंत त्या नियमाखाली जन्मलेली किती मुलं स्वतः मोठी होऊन गेली.

शाळेची अट मात्र तुमच्या मुलीच्या फायद्याची आहे, मदत मिळो न मिळो. दोनेक वर्षांत ती अठरा होईल आणि घरात राहण्याची सक्ती तिला उरणार नाही. तेव्हा जाईलही. जाताना हातात हायस्कूलचा डिप्लोमा असला की बाकीचं बरंच जमतं. मदतीवर असलेल्या वीस वर्षांखालच्या आईला शाळेत नियमित जाणं हेच काम म्हणून धरतात, तिच्याकडून वेगळी नोकरी मागत नाहीत.

म्हणून शाळेला कळवणं आणखी लांबवू नका. बायका याला घाबरतात, की नाव काढून टाकतील, कुठल्या तरी वेगळ्या शाळेत पाठवतील. शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला ते करता येत नाही. गरोदर मुलींसाठी वेगळा वर्ग असला तरी त्यात जायचं की नाही हे मुलीनं ठरवायचं. डॉक्टर सांगेल तेवढी रजा द्यावी लागते आणि परत आल्यावर ती होती तिथेच घ्यावी लागते. बुडलेला अभ्यास भरून काढायची संधीही. काही हायस्कूलमध्ये विद्यार्थिनींच्या बाळांसाठी पाळणाघर असतं, तुमच्याकडे आहे का ते विचारा. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये टायटल नाइनचा एक कोऑर्डिनेटर नेमलेला असतो, नाव डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर सापडेल. ईमेल मुलीनं लिहावा, तुम्ही फक्त कॉपीत असा. ड्यू डेट, डॉक्टरांचं पत्र, आणि बारावीचे कुठले विषय घरून करता येतील हा प्रश्न. आठवड्यात उत्तर आलं नाही तर शाळेच्या समुपदेशकाकडे न थांबता सरळ सुपरिंटेंडंटच्या ऑफिसला तोच ईमेल पुढे पाठवा.